भालेरावची जीभ

भालेराव गाडीवर खायचा तो गाडीकडे पाठ करून. वडेवाला असो, भुर्जीवाला असो, नाहीतर साधा उसाचा रस असो, हातात बशी किंवा ग्लास आला की हा माणूस वळायचा आणि रस्त्याकडे तोंड करून पहिला घास घ्यायचा. नवीन दुकानदाराला वाटायचं, गिऱ्हाईक रुसलं की काय! मीसुद्धा पहिल्यांदा विचारलं होतं, "अरे, तोंड का फिरवलंस?"

"मालक आशेनं बघतो रे," तो म्हणाला. "त्याच्या तोंडाकडे बघत खाल्लं की सगळंच गोड लागतंय."

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. तो मेंटेनन्सला फिटर, मी स्टोअरमध्ये. दोघंही राहायला बदलापूरला, म्हणजे तो पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आणि मी पूर्वेला. भालेराव बुटका, रुंद खांद्यांचा, कानांवर केसांचे झुबके. कारखान्यातून बाहेर पडताना आमच्या कुणाच्या कपड्यांकडे बघवायचं नाही, पण भालेरावचा शर्ट परीटघडीचा. त्या शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी रुमालात गुंडाळलेला स्टीलचा चमचा. गाडीवरचे चमचे त्याला चालत नसत. "त्याला आधीच्या माणसाच्या साबणाची चव असती," म्हणायचा.

त्याचे निकाल तीनच. "जमलंय", "चालेल" आणि "घरी जेवा". चौथा शब्द मिळायचा नाही. का, कसं, काय कमी पडलं, हे विचारणाऱ्याला तो सांगायचा, पण निकाल बदलायचा नाही. "खाल्ल्याशिवाय बोलायचं नाय आणि बोलल्यावर फिरायचं नाय," हे त्याचं वाक्य आम्हाला इतकं पाठ झालं होतं की तो "खाल्ल्याशिवाय" म्हणाला की उरलेलं आमचं खातं पूर्ण करायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? खाणारे सगळेच नाव ठेवतात. पण भालेरावने "घरी जेवा" म्हटलं की आमच्या दोन्ही शिफ्टमधला एक माणूस त्या गाडीवर फिरकत नसे. कारखान्याच्या गेटजवळ एक वडेवाला होता. त्याने एका सोमवारी जुनंच तेल गाळून कढईत घातलं. भालेरावने पाठ केली, अर्धा घास खाल्ला, वडा कागदावर ठेवला आणि शांतपणे निकाल दिला. वडेवाला भडकला. "तू कोण रे माझ्या धंद्यावर बोलणारा? फुकट खातोस का?" भालेरावने पैसे ठेवले आणि निघून गेला. आठवडाभर त्या माणसाच्या गाडीवर माशासुद्धा बसल्या नाहीत. शेवटी तो नवं तेल घेऊन, गेटवर शिफ्ट सुटायच्या वेळी भालेरावची वाट बघत उभा राहिला. भालेरावने खाल्लं, "जमलंय" म्हणाला, आणि त्यानंतर त्या वडेवाल्याने आयुष्यात तेल गाळलं नसावं. पुढे तो स्वतःच हाक मारायचा, "भालेराव, जरा बघून जा."

आमच्यात खांबेटे म्हणून एक ऑपरेटर होता. कांदासुद्धा न शिजणारं घर. बाहेर मात्र भालेराव "जमलंय" म्हणाला की हा काहीही खायचा. वजडी खाल्ली, मुंडी खाल्ली. पकडला गेला असता तर बायकोला सांगणार होता, "भालेरावने पास केलं होतं."

माझ्या आईची गोष्ट तर सांगायलाच हवी. आम्ही मालवणकडचे. आमच्या घरी माशाच्या कालवणाला नाव ठेवणं म्हणजे कुळाला नाव ठेवणं. एका रविवारी मी भालेरावला जेवायला नेलं. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवताना हा भिंतीकडे तोंड करून बसला, तिथेच आईच्या कपाळाला आठी. जेवण झाल्यावर तिने स्वतःहून विचारलं, "काय, आवडलं ना?" मी मनातल्या मनात देव आठवले. भालेराव हात पुसत म्हणाला, "चालेल, मावशी." आई आत गेली ती भांडी आपटतच. याने आणखी वर आवाज चढवून सांगितलं, "मावशी, हात तुमचा चांगला हाय, पण तिरफळं जुनी झालीत." तिने तणतणत डबा उघडला, तिरफळं हुंगली आणि डबा झाकून टाकला. पुढच्या महिन्यात गावाहून ताजी तिरफळं आली, तेव्हा तिचं पहिलं वाक्य, "त्या मेल्या भालेरावाक बोलव." तो आला, भिंतीकडे तोंड करून जेवला, "जमलंय" म्हणाला, आणि माझी आई नवीन लुगडं मिळाल्यासारखी हसली. मग आमच्याकडे काही विशेष शिजलं की त्याला बोलावणं हा नियमच झाला.

एवढं कुठून आलं हे, असं मी त्याला एकदा विचारलं. शिवमंदिराजवळच्या ओढ्याकाठी बसलो होतो, महाशिवरात्रीची जत्रा नुकती उठली होती. तो नगरकडचा. तो अगदी सहज सांगून गेला, बातमी सांगावी तसं. "गावजेवणात आमची पंगत शेवटची. तीही लांब, उकिरड्याच्या अंगाला. आमच्यापर्यंत यायचं तेव्हा वरणात पाणी घातलेलं असायचं आणि बुंदीचा चुरा. बाप म्हणायचा, खा गुमान. नोकरी लागली, पहिला पगार हातात आला, तेव्हाच ठरवलं, आता पयला घास माझा. माझ्यानंतर बाकीच्यांचा." मग हसून म्हणाला, "आता बघ, खांबेटे माझ्यानंतर जेवतोय." मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून त्याचं ते पाठ करून खाणं मला वेगळंच दिसायला लागलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पावसाळा संपता संपता भालेरावला तापाने धरलं. चांगला पंधरवडा घरी होता. परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने, पण आला. आणि गाड्यांवर जाईना. पोट बिघडलंय, डॉक्टरने तेल बंद केलंय, आज उपास आहे. उपास! भालेराव आणि उपास! मला संशय आला.

मग एक दिवस दुपारी डबा खायला बसलो. त्याने नेहमीप्रमाणे आपली एक पोळी माझ्या डब्यात टाकली. मी तुकडा तोंडाजवळ नेला आणि मला शिसारीच आली. भडक रॉकेल! सकाळी त्याने रेशनच्या रांगेतून रॉकेल आणलं होतं आणि कॅन डब्याच्याच पिशवीत ठेवला होता, ते सांडलं होतं. समोर भालेराव निवांत तिसरी पोळी खात होता.

"अरे, थांब!" मी ओरडलो. "रॉकेल लागतंय पोळीला!"

त्याचा हात थांबला. त्याने पोळी नाकाशी नेली. मग डबा उचलून नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याने मला सगळं कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. मीठ कळतं, आंबट कळतं, मिरची झोंबते. बाकी सगळं ओला कागद." तो डबा बंद करत होता. "कान-नाकवाल्याकडे जाऊन आलो. ताप म्हणतो, कारखान्याची हवा म्हणतो, आणि आता परत येणं कठीण म्हणतो. राणे, कुणाला बोलू नको."

मी बोललो नाही. पण मला भयंकर वाईट वाटलं. गवयाचा गळा गेला तर लोक हळहळतात. फिटरचं नाक गेलं तर कोण हळहळणार?

विमल आली ती याच दिवसांत. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, अंबरनाथच्या हद्दीला लागून, तिने एक गाडी टाकली होती. तेव्हा आमच्या भागात चायनीजच्या गाड्यांचं पेव फुटलं होतं. लाल कापड, लाल सॉस, कढईत ज्वाळा, आणि पत्र्यावर ड्रॅगन काढलेला, तोही पेंटरने गणपतीच्या उंदराला शेपूट लावल्यासारखा. विमलच्या गाडीवर यातलं काहीच नव्हतं. ती लग्नाआधीपासून मुंबईत दातांच्या एका चिनी डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला होती. ते कुटुंब कॅनडाला निघून गेलं आणि ती कॅम्प पाचला सासरी परतली. डॉक्टरीणबाईंनी तिला एक पदार्थ शिकवला होता, तेवढाच ती विकायची. गव्हाच्या पिठाची जाड रोटी तव्यावर कोरडीच भाजायची, मग निखाऱ्याच्या कडेला उभी लावून फुगवायची, सुरीने पोट फाडायचं आणि आत मसाल्यात तासन्‌तास शिजलेलं मटण, लाकडी ठोकळ्यावर कोयत्याने बारीक करून, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीसकट भरायचं.

लोक येत. "नूडल्स दो." "नाय." "मंच्युरियन?" "नाय." आणि लोक जात. सगळे तिला सांगत होते, बाई, लाल रंग टाक, गाडी चालेल. ती म्हणायची, "मी इतकी वर्षं चिन्यांच्या घरात जेवण बनवलं, तो लाल गोळा एकदा पण नाय बघितला. त्यांच्या मुलखात गहू पिकतो, ते रोटी खातात. मी तेच देणार." बाणेदारपणा ठीक, पण संध्याकाळी मटण घरी परत जात होतं.

कुणीतरी तिला भालेरावचं नाव सांगितलं. ती सरळ आमच्या गेटवर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ.

"भालेरावदादा कोण? जय भीम दादा. एकदा माझ्या गाडीवर या. खा आणि वाईट असलं तर तोंडावर वाईट बोला. ही गाडी नाय चालली तर सासू दोन्ही पोरांना घेऊन गावी जायचं म्हणते, आणि मी परत कुणाच्या तरी घरी राहायला. पोरं कधीतरी दिवाळीला बघायची. म्हणून मला खरं कळू दे, म्हणजे मी आताच सोडून देते."

चारचौघांसमोर बोलली. आता पोटदुखीचं सोंग चालणार नव्हतं. भालेराव म्हणाला, "शनिवारी येतो." आणि खातं आनंदलं, कारण कितीतरी दिवसांनी भालेराव निकाल देणार होता.

शनिवारपर्यंत तो नीट झोपला नसावा. जाताना वाटेत मला बाजूला घेऊन म्हणाला, "राणे, काय करू? 'जमलंय' बोललो तर बाईचं भलं होतंय. पण जमलंय का हे मला कुठं ठाऊक? 'चालेल' बोललो तर ती बुडाली. आणि नाय बोलता येत म्हटलं, तर मी बुडालो."

मी म्हणालो, "सोपं आहे. आधी मी खातो. चांगलं असलं तर कान खाजवतो. तू बोलून टाक." माझ्या अकलेवर मी खूश होतो. त्याने मान डोलावली.

विमलच्या गाडीभोवती आम्ही सात-आठ जण, खांबेटे धरून. शेजारच्या कापडाच्या दुकानातला सिंधी शेठही गंमत बघायला बाहेर आला. तिने पहिली रोटी भालेरावच्या हातात दिली, दुसरी माझ्या. मी चावा घेतला. खोटं कशाला बोलू? वरचा पापुद्रा करकर मोडला, आत पदर सुटलेले, मऊ, आणि मटणात दालचिनी, चक्रीफूल आणि कसला तरी काळा, खारट-गोड रस. तो रस कोपरापर्यंत ओघळला आणि मी मनगट चाटलं, भर रस्त्यात, या वयात! बाहेरचं मटण म्हणजे तिखट, अशी माझी समजूत होती. ती तिथेच मोडली. मी कान खाजवला. जरा जोरातच खाजवला.

भालेरावने त्या दिवशी पाठ केलीच नव्हती. तो समोर उभा राहून बघत होता. विमलकडे, माझ्याकडे, हातातल्या रोटीकडे. त्याने एक घास खाल्ला, सावकाश गिळला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. विमल तर हातातला कोयता खाली ठेवायलाही विसरली होती.

"ऐका," तो म्हणाला. "मला वास येत नाय. तापापासून गेला. चव पण गेली त्याच्याबरोबर. ही रोटी चांगली का वाईट, मला सांगता यायचं नाय. हा राणे कान खाजवतोय ना, तो माझ्यासाठी खाजवतोय."

मी हात खाली घेतला. खांबेटे हसला. "भालेराव, ही नाव ठेवायची नवी पद्धत काय?"

विमलचा चेहरा पडला. "म्हणजे वाईट हाय का दादा?"

"बाई, मी माझ्या जिभेचं बोललो. तुमच्या रोटीचं हे लोक बोलतील." मग तो आमच्यावरच खेकसला, "बघताय काय? तोंडं हायेत ना तुम्हाला? खा आणि सांगा तिला!"

एवढी वर्षं दुसऱ्याच्या निकालावर जेवलेली माणसं. रोटी खाल्ली, पण काय वाटलं ते बोलायचं कसं, हेच कुणाला सुचेना. खांबेटे दोनदा घसा साफ करून म्हणाला, "लिंबू हवं होतं." झालं! दुसरा म्हणाला, लिंबाने वाट लागेल. तिसरा म्हणाला, मिरची कमी आहे. शेठने अर्धी रोटी संपवून जाहीर केलं, "अरे ये तो हमारा कोकी है, अंदर गोश्त डाला है! डाढो सुठो!" सिंधी लोक कोकी म्हणजे जाड, खरपूस रोटी खातात. आणि डाढो सुठो म्हणजे फार चांगलं, हे कॅम्पातल्या पोराटोरांनाही कळतं. विमल कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. मग तिने पटापट आणखी रोट्या लावल्या, कारण वाद घालताना लोक दुसरी मागत होते.

परत येताना मी चिडलो होतो. "काय गरज होती सांगायची? मी होतो ना?"

"तू किती दिवस कान खाजवणार?" तो म्हणाला. बस्स.

विमलची गाडी चालली. ज्याला मत झालं होतं, तो आपलंच खरं करायला परत येत होता, येताना एखाद्याला घेऊन येत होता. पोरं कॅम्प पाचमध्येच राहिली, तिथल्याच शाळेत गेली. सगळा कॅम्प त्या रोटीला 'चायनीज कोकी' म्हणायला लागला. विमल सुरुवातीला चिडायची, नंतर तिनेच पाटीवर तेच लिहून घेतलं.

भालेरावचं मात्र तसं झालं नाही. आधी चेष्टा झाली. डोळे मिटायला लावून नाकाखाली कांदा धरायचे, फिनेल धरायचे. त्याने ती सहन केली. मग चेष्टाही थांबली आणि ते जास्त वाईट होतं. वडेवाला हाक मारेनासा झाला. नवी गाडी लागली की लोक आपापलं जाऊन यायचे आणि याला कुणी सांगायचंही नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं, त्याच्या खिशात चमचा नाही. मला रडू आवरेना, मी स्टोअरमध्ये जाऊन उगाच नटबोल्टांचे डबे लावत बसलो. माझी आई मात्र त्याला बोलावत राहिली. "वास नाय तर नाय, पोट तर हा ना!" ती त्याच्या ताटात जास्त तिखट वाढायची, तेवढं तरी त्याला कळावं म्हणून.

पुढे कारखान्याने आम्हाला घरी बसवलं. भालेरावचे गुडघे गेले. मुलाने मला पुण्याला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी जायच्या आधी विमलकडे जाऊन दोन रोट्या बांधून घेतल्या आणि संध्याकाळी हेंद्रेपाड्यात गेलो. आता विमलच्या हाताखाली दोन माणसं होती आणि गाडीपुढे गर्दी. भालेरावची बायको, सुलोचनावहिनी, विहारात गेली होती. तो बनियनवर, ओट्यावर बसला होता. मला बघून खूश झाला.

कागद सोडला. मी पहिला घास घेतला आणि मला कळलं, मटण करपलेलं आहे. पातेल्याच्या तळाला लागलेलं खरवडून भरलं होतं. भालेराव आवडीने चावत होता.

"कशी हाय?" त्याने विचारलं.

"मस्त," मी म्हणालो. निरोप घ्यायला आलेला माणूस, आणखी काय बोलणार?

तो माझ्याकडे बघत राहिला. "मस्त, तर गिळत का नायस?"

मी गिळलं. "थोडं करपलंय. जाऊ दे ना, एखादा दिवस होतं."

भालेरावने हातातली रोटी परत कागदात गुंडाळली. भिंतीला धरून उठला. खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं लावली.

"कुठे निघालास?"

"तिला सांगायला. नोकर माणसांनी केलेलं दिसतंय, तिनं चाखलं नसंल."

"अरे, हे गुडघे घेऊन? उद्या सांगू!"

"उद्यापर्यंत किती जण खातील?" तो उंबऱ्याबाहेर पडलाही. मी कुलूप लावून मागे धावलो. कोपऱ्यावर अंबरनाथची रिक्षा भरत आली होती. मागे जागा नव्हती, म्हणून तो ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर टेकला, एक पाय बाहेर, मांडीवर ती पुडी. माझ्यासाठी जागाच उरली नाही. हेच माझं त्याला शेवटचं बघणं. त्या हिवाळ्यात तो गेला, मला पुण्याला पत्राने कळलं.

रिक्षा सुरू झाली तसा त्याने वाकून मागे बघितलं. आजवर मी याला कधी कुणाला असं विचारताना पाहिलं नव्हतं.

"राणे, नक्की करपलंय ना? तुझ्या शब्दावर चाललोय मी."

"करपलंय!" मी रस्त्यात उभा राहून ओरडलो. "नक्की करपलंय!"